दहा हजार लिटर, दहा टन

माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या सगळ्यात वाईट ओळीत जेमतेम पाच शब्द आहेत: दहा हजार लिटर, दहा टन. आजही ती ओळ दहा जणांना दाखवली तर नऊ जण म्हणतील, मग चुकलं काय त्यात? तिचं फळ मी भोगलं असतं तर एक वेळ ठीक होतं. ते भोगलं एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने. तिच्यापायी त्याने उंचावरचं काम सोडलं, आणि त्याला पुन्हा शिडीवर चढवणं आपल्याला जमेल की नाही, या एका विचाराने माझा तो मार्च महिना खाऊन टाकला.

मी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात पाण्याची केमिस्ट आहे. कारखान्यात येणारं पाणी आणि कारखान्यातून बाहेर जाणारं पाणी, दोन्ही माझ्या सहीशिवाय हलत नाही. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जिभेला धार आली आणि डोक्यात थोडी हवाही गेली, हे कबूल करते. आकडा चुकवणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. एकक न लावता नुसता आकडा सांगणाऱ्याचा तर त्याहून जास्त. कोणी नुसतंच ‘दीड’ म्हणालं की मी विचारायची, दीड काय, दीडशहाणा? लोक हसायचे, पण पुढच्या वेळी एकक लावून यायचे.

प्रयोगशाळेच्या दारामागे मी स्वतःच्या हाताने घनतेचा एक तक्ता करून चिकटवला होता. वस्तू एकच, पण ती सांगणारी माणसं चार गावची, म्हणून तो तक्ता. आमच्याकडे कॉस्टिक सोड्याचं दाट पाणी टँकरने येतं. आम्ही त्याला नुसतं लाय म्हणतो. दिसायला निवळशंख, पण अंगावर उडालं तर कातडी आधी साबणासारखी बुळबुळीत होते आणि मग निघते. या लायची घनता मी लिहिणार मिलिलिटरला दीड ग्रॅम. ड्रॉइंग काढणारे इंजिनिअर लिहिणार घनमीटरला दीड हजार किलो. आमचे ऑपरेटर काका म्हणणार, शंभराची हाय. काका साताऱ्याकडचे. आधी कापड रंगवणाऱ्या गिरणीत होते आणि तिथे ट्वाडल नावाचं माप चालायचं. पाण्याच्या किती पट जड ते बघायचं, त्यातून एक वजा करायचा आणि दोनशेने गुणायचं. दीडमधून एक गेला, अर्धा उरला, दोनशेने गुणलं की काकांचे शंभर. आणि माझे वडील असते तर त्यांनी आपली आकडे कोरलेली काचेची नळी त्यात तरंगत सोडून अठ्ठेचाळीस डिग्री सांगितलं असतं.

वडील उरणकडच्या मिठागरात होते. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत न्यायचं, उन्हाने ते आटत, जड होत जायचं, आणि नळी पंचवीस डिग्रीला टेकली की मीठ धरायला लागायचं. बी.एस्सी.ला असताना मी त्यांना कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब करून दाखवला होता. एकशे पंचेचाळीसमधून पंचवीस वजा करायचे, जे उरेल त्याने एकशे पंचेचाळीसला भागायचं, आली घनता: एक पॉइंट एकवीस. वडिलांनी कॅलेंडर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, म्हणजे आमचाच पंचवीस तुम्ही भागून भागून एवढासा केला. पण त्याच दिवशी त्यांनी मला वाफ्यावर नेलं होतं. दोन सारखी डबडी घेतली, एकात खाडीचं पाणी, एकात शेवटच्या वाफ्यातलं, आणि माझ्या दोन हातांत दिली. फरक लगेच कळला. ‘आधी हाताला इचार,’ ते म्हणाले, ‘मंग नलीला.’

हे सगळं इतकं सांगते आहे, कारण मिठागरवाल्याच्या मुलीने तरी ही चूक करायला नको होती. जड पाणी म्हणजे काय ते मला नोकरीच्या आधी हातात देऊन शिकवलेलं होतं. एकदा एका सल्लागाराने अहवालात लायमधल्या क्षाराचा आकडा लिटरला मिलिग्रॅम काढून तोच सरळ पीपीएम म्हणून, म्हणजे किलोला मिलिग्रॅम म्हणून, ठेवून दिला. ते दोन आकडे साध्या पाण्यापुरते एक असतात, कारण साध्या पाण्याचा लिटर किलोभराचा. लायचा लिटर दीड किलोचा, तिथे दीडने भागावं लागतं. मी तो अहवाल परत पाठवला आणि वर लाल शाईने शेरा मारला: लाय म्हणजे पाणी नव्हे. आठवडाभर त्या शेऱ्याचं कौतुक होत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं.

आता ती ओळ. दोन वर्षांपूर्वी लायच्या टाकीखालचा लोखंडी स्टँड गंजला म्हणून नवा करायचं ठरलं. टाकी दहा फुटांवर ठेवलेली असते, म्हणजे लाय पंपाशिवाय आपोआप खाली उतरते. मिस्त्री माप घ्यायला आला. मराठवाड्यातून इकडे आलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आमच्या गल्लीतल्या निम्म्या कारखान्यांचे जिने आणि स्टँड त्याच्याच हातचे. त्याने माप घेतलं आणि दारात उभा राहून विचारलं, मॅडम, वजन किती धरू? मी पाण्याचा नमुना तपासत होते. तोवर मी ज्या ज्या टाकीचं वजन सांगितलं होतं ती प्रत्येक टाकी पाण्याचीच होती. हाताशी होता त्या कागदाच्या तुकड्यावर मी लिहून दिलं. दहा हजार लिटर, दहा टन. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवलं.

स्टँड उभा राहिला. काही झालं नाही, कारण आम्ही टाकी कधी पूर्ण भरायचोच नाही. एका वेळी सहा टन मागवायचो, म्हणजे चार हजार लिटर. आधीची थोडी उरलेली धरून सहा हजार लिटरच्या वर पातळी गेली नव्हती. सहा हजाराचे नऊ टन. दहाच्या आत.

मार्चमध्ये लाय पुरवणाऱ्यांचा कारखाना दुरुस्तीसाठी काही दिवस बंद राहणार होता. म्हणून प्लांटच्या साहेबांनी एकदम बारा टन मागवले, आणि टँकर दारात आल्यावर त्यांना धाकधूक वाटली. टाकी दहाची आणि माल बारा, वर सांडेल काय? मी हसले. ते हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात. साहेब, टाकी लिटरची आहे आणि चलन टनाचं, मी म्हणाले. बाराला दीडने भागा, आठ हजार लिटर. खाली हजार लिटर शिल्लक आहे. नऊ हजार होतील, आरामात मावेल. साहेब खूश झाले. मी चलनावर सही केली. ‘बारा टन’ हे शब्द माझ्या सहीच्या वर, दोन बोटांवर छापलेले होते.

टँकरने लाय चढवायला सुरुवात केली तेव्हा पाऊण वाजला होता. स्टँडखाली एक बाक आहे. आवारात दुपारची सावली फक्त तिथेच, म्हणून काका वर्षानुवर्षं डबा तिथे खायचे. शिवाय पंपाचं बटणही स्टँडच्याच एका पायावर बसवलेलं, म्हणजे जेवता जेवता लक्ष राहतं. मला खिडकीतून ते समोर दिसत होते.

टँकर रिकामा होत आला तेव्हा मी रजिस्टर ओढलं. आमच्या रजिस्टरात साठ्याला दोन रकाने आहेत, लिटर आणि टन. दोन्ही असलेच पाहिजेत हा माझाच हट्ट होता. लिटरच्या रकान्यात लिहिलं, नऊ हजार. दीडने गुणलं आणि टनाच्या रकान्यात लिहिलं, साडेतेरा. खाली रेघ मारणार तोच पेन थांबलं. साडेतेरा टन. हे साडेतेरा टन बसणार कशावर? आणि मला तो कागदाचा तुकडा आठवला. अक्षर आठवलं, निळी शाई आठवली, तेव्हा दारात उभा असलेला मिस्त्री आठवला.  

खिडकीतून ओरडून उपयोग नव्हता. काका पंपघरात आयुष्य काढून कानाने जड झालेले, त्यात पंप चालू. मी धावत सुटले. प्रयोगशाळा ते टाकी, शंभर पावलं असतील. अर्ध्या वाटेवरच मला तो आवाज आला. फार मोठा नव्हता. जुनं कपाट सरकवल्यावर येतो, तसा. लेव्हलच्या नळीत पातळी दिसत होती: आठ हजार सातशे.

स्टँडपासून दहाएक पावलांवर मी थांबले, हे इथे लिहून ठेवते. पुढे गेले नाही. पाय गेले नाहीत. मी दोन्ही हात हलवले, बटणाकडे बोट दाखवलं, बाहेर या अशी खूण केली. काकांनी मान वर केली. हातातला घास खाल्ला. मग त्यांनी भाजीच्या वाटीवर झाकण ठेवलं, डब्याची कडी लावली, बाकावरून उठले, बटण दाबलं आणि डबा काखेत धरून माझ्याकडे चालत आले. त्या कडीचा मला तेवढ्या अंतरावरून आवाज येणं शक्य नाही, पण आठवणीत तो आहे. ते माझ्याजवळ पोचले आणि मागे खाडकन आवाज झाला. एका पायाची तिरकी पट्टी जोडातून सुटली, पाय मधेच वाकला आणि अख्खी टाकी चार बोटं बाकाच्या बाजूला कलली. आणि तशीच राहिली.

‘काय झालं वो?’ काका म्हणाले.

लाय खाली उतरवायला दीड तास लागला. टाकीचा खालचा नळ आतल्या इमारतीत उघडतो, तिथून पाइप टँकरला लावला आणि जेवढी लाय वर होती ती गुपचूप टँकरमध्ये परत आली. तो सगळा वेळ मी कललेल्या टाकीकडे बघत उभी होते. कोणी पाणी आणून दिलं तेही हातातच राहिलं. कोणाला खरचटलंही नाही. सगळे मला शाबासकी देत होते.

संध्याकाळी साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो मोटरसायकलवरून आला, हेल्मेट हातातच ठेवून स्टँडभोवती एक फेरी मारली, वाकलेल्या पायावरून हात फिरवला आणि सुटलेल्या जोडाजवळ बराच वेळ उकिडवा बसला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की जोड कच्चा आहे, आज आमचा माणूस गेला असता, आणि यापुढे या गेटात पाऊल ठेवायचं नाही. मिस्त्री उठला. वाद घातला नाही. फक्त माझ्याकडे वळून त्याने विचारलं,

‘मॅडम, वजन दहाच व्हतं ना?’

सगळे माझ्याकडे बघत होते.  मी म्हणाले, ‘टाकी दहा हजार लिटरचीच आहे.’

यात एकही शब्द खोटा नव्हता. एकक बदलून मी निसटले. बावीस वर्षं ज्या चुकीसाठी लोकांची सालटी काढली तीच मी जाणूनबुजून, स्वतःला वाचवायला केली. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाजूला उभा राहून मान डोलावतोय.

मी का बोलले नाही? भ्याले. नोकरी जाईल असं वाटलं नव्हतं. हसं होईल असं वाटलं. तक्तेवाली बाई, दीडशहाण्यांना शिकवणारी, आणि हिलाच लिटर-किलो कळत नाही. मिठागरातून वर आलेल्या मुलीने जे मिळवलं ते सगळं आकड्यांवर मिळवलं होतं, आणि आकडाच चुकला तर माझ्याकडे दुसरं काय होतं? हे मी त्या दोन दिवसांत स्वतःला फार समजुतीने सांगितलं. समजूत पटली नाही ती काकांमुळे.

तिसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलावर एक डबा ठेवून गेले. काकूंनी पाठवला होता. तीळ लावलेली भाकरी आणि वरून ठेचा. तुमच्यामुळं कुंकू राहिलं, असं काकूंनी सांगायला सांगितलंय म्हणाले, आणि लाजून निघून गेले. मी डबा उघडला आणि बंद केला. मग कॉम्प्युटरवर पत्र लिहिलं. स्टँडचं वजन मी कळवलं होतं, ते पाण्याचं होतं, लायचं नव्हतं. पूर्ण टाकी पंधरा टनांची होते, मी दहा कळवले. मिस्त्रीच्या कामाचा दोष नाही. तीन ओळी. सही केली, आवकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवली.

साहेबांनी पत्र वाचलं, दार लोटून घेतलं. मॅडम, हे कागदावर कशाला आणलंत, सुरक्षेचं ऑडिट तोंडावर आहे, मिस्त्रीला काय, त्याला छप्पन कामं मिळतील. पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, नव्या स्टँडची मागणी माझ्या सहीने जाते. त्यात मी वजन पंधरा लिहिणार, आणि करणारा म्हणून त्याच मिस्त्रीचं नाव लिहिणार. ते खोडलंत तर ऑडिटला हे पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवीन. साहेबांनी ड्रॉवर बंद केला. मग म्हणाले, तो येतो म्हणाला तर बघा.

तो येत नव्हता. फोन केला तर म्हणाला, मॅडम, तसली कामं बंद केली. का ते सांगेना. काकांकडून कळलं की गल्लीतल्या दुसऱ्या दोन कारखान्यांची चालू कामंही त्याने आपणहून सोडली. कोणी काढलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढून द्रोणागिरीला गेले. तिकडे त्याचं शेड आहे. वडिलांचे वाफे होते त्या बाजूला आता गोदामांच्या रांगा आहेत, कंटेनरच्या गाड्या उभ्या असतात. मला तिथे वळणं कळत नाहीत, दोनदा चुकले. माझ्या डिकीत एक स्टीलचा डबा होता, आत जाड प्लॅस्टिकच्या लिटर-लिटरच्या दोन सारख्या बाटल्या. एकीत पाणी. दुसरीत लाय, बूच सील केलेलं, वर दोन पिशव्या, गेटपास रीतसर केलेला.

शेडमध्ये तो जमिनीवर बसून खिडकीची जाळी घासत होता. बाजूला तशाच चार जाळ्या रचलेल्या. त्याची लांब शिडी भिंतीच्या कडेला आडवी टाकलेली आणि तिच्यावर पोती वाळत घातलेली. त्याने उठून खुर्ची पुसून दिली. त्याची बायको चहा घेऊन आली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

मी कामाचं बोलले. त्याने मान हलवली. खाली बसून करायचं काय असंल ते सांगा, उंचावरचं नको. मी म्हणाले, जोड तुमच्यामुळे सुटला नाही. तो म्हणाला, असं कसं? आणि मग या कमी बोलणाऱ्या माणसाने मला त्याचा हिशेब सांगितला.

‘तुमी दहा लिवलं व्हतं. मी कदी दहाला दहा करत न्हाई. दहा सांगितलं की बाराचं धरतो, ही माजी सवय हाय. बाराचं केलेलं दहाला वाकलं, मंजी हात गेला माजा. आता डोळ्यालाबी कमीच दिसतं. उद्या खरंच कुनी मेलं तर?’

‘धा दिस झाले,’ बायको दारातून म्हणाली, ‘ह्यो मानूस झोपला न्हाई.’

इतके दिवस मी समजत होते की त्याचं नाव गेलं. नाव राहिलं बाजूला. त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला होता, आणि तो त्याने अगदी चोख हिशेब करून घालवला होता. त्याच्या हिशेबात एकच गोष्ट पक्की होती, ती म्हणजे माझी ओळ. तो तुकडा खरा धरून त्याने बाकी सगळं खोटं ठरवलं होतं. मला तिथे बसवेना.

मी सांगायला लागले. लाय आणि पाणी, लिटर आणि किलो, दीडने गुणायचं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि एक अक्षर त्याला पटत नव्हतं. मोठ्या शिकलेल्या बाई आपली समजूत काढायला एवढ्या लांब आल्या, एवढंच त्याला दिसत होतं. वर तो म्हणालाही, तुमी लिवलेलं कसं चुकंल?

मग मी बोलणं थांबवलं. डिकीतून डबा आणला. बुचाला हात लावू नका एवढं सांगितलं आणि दोन्ही बाटल्या त्याच्या दोन हातांत दिल्या.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हात जरा खालीवर केले. लायची बाटली खाली गेली. त्याने हात बदलले, पुन्हा तोललं. पुन्हा बदलले. आयुष्यभर लोखंड उचललेले हात होते ते, त्यांना तक्ता लागत नव्हता. चेहऱ्यावर काही आलं नाही, पण बाटल्या काही तो खाली ठेवेना.

‘दोनी लिटरच्या?’

‘दोन्ही लिटरच्या. ही किलोची, ही दीड किलोची. तुमच्या स्टँडवर ही होती. मी तुम्हाला हिचं वजन लिहून दिलं,’ मी पाण्याच्या बाटलीला हात लावला. ‘आणि त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं. मी सांगितलं नाही. माझं चुकलं.’

  बाहेर एक कंटेनर वळण घेत होता, त्याचा मागे येण्याचा भोंगा वाजत राहिला. तो मला आता काय म्हणेल याची मी वाट बघत होते, आणि त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘किती व्हतं वर?’ त्याने विचारलं.

‘बटण दाबलं तेव्हा तेरा टन.’

‘तेरा.’ त्याने बाटल्या हळूच जमिनीवर ठेवल्या. ‘आन् पाय वाकल्यावर किती येळ उबं व्हतं?’

‘दीड तास. काका तोवर बाहेर आले होते. लाय उतरेपर्यंत तसंच उभं होतं.’

‘मंजी पडलं न्हाई.’

‘नाही पडलं.’

तो बायकोकडे बघून म्हणाला, ‘तेराला बी पडलं न्हाई.’ ती पदर तोंडाशी धरून आत गेली.

मग तो उठला, खुंटीवरच्या शर्टाच्या वरच्या खिशातून एक पुडकं काढलं. त्यात पावत्या होत्या, मापं होती, आणि माझा तो तुकडा होता. घडीवर फाटत आलेला, पण निळी शाई तशीच. गेल्या दहा दिवसांत हा कागद त्याने एकालाही दाखवला नव्हता. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि कानावरची पेन्सिल काढून दिली.

‘आता बराबर लिवा.’

मी तुकडा गुडघ्यावर ठेवला. दहा टन खोडलं. वर लिहिलं, लाय, दहा हजार लिटर, पंधरा टन. खाली सही केली. त्याने कागद घेतला, नेहमीसारखा दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. मग भिंतीपाशी जाऊन त्याने शिडीवरची पोती एकेक करून बाजूला काढली.

‘पंधरा,’ तो म्हणाला. ‘मग मी अठराचं धरतो.’